सोबत कोण आहे?

नेपाळ परदेश आहे, हे आपल्याकडे बहुतेकांच्या मनात बसतच नाही. नाशिकरोडहून कुशीनगर एक्स्प्रेस पकडायची, गोरखपूरला उतरायचं, तिथून जीप किंवा बसने सोनौली, आणि मग सॅक पाठीवर टाकून कमानीखालून चालत पलीकडे. व्हिसा नाही. पासपोर्ट नसला तरी निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी रुपये, हा दर कायमचा ठरलेला. हिंदी बहुतेकांना कळते, देवळं ओळखीची, जेवायला डाळभात.

पण घरच्या मेडिक्लेमच्या लेखी ती कमान ओलांडली की तुम्ही परदेशात. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांचाच खर्च देतात. पॉलिसीच्या कागदात ‘भौगोलिक मर्यादा’ अशी एक ओळ असते, ती कुणी वाचत नाही. नेपाळला जाताना परदेश प्रवासाचा वेगळा विमा लागतो, आणि तो भारतातून निघायच्या आधीच काढावा लागतो. आशियाच्या पॉलिसीत नेपाळ आहे की नाही, हेही नावानिशी विचारावं. काहींत ते वगळलेलं असतं. शिवाय हा विमा काढताना सहसा पासपोर्ट क्रमांक मागतात. म्हणजे मतदार ओळखपत्रावर सीमा ओलांडता येते, पण विम्यासाठी पासपोर्ट असलेला बरा.

नाशिकरोडला बिटकोजवळ आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. पावसाळ्यानंतर गर्दी ओसरली की भाऊ दुकान सांभाळतो आणि मी सॅक भरते. हॉटेलं आधी ठरवायची नाहीत, मिळेल त्या बसने जायचं, आवडलं तर दोन दिवस जास्त राहायचं. असंच अन्नपूर्णेच्या बाजूला फिरत असताना मला घांद्रुक गावात ताप भरला, आणि पुढे पोखऱ्याच्या एका खाजगी रुग्णालयात भरती व्हावं लागलं. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून मी आजारी माणसं आणि त्यांचे नातेवाईक आयुष्यभर बघत आले आहे. एकटीने, परक्या गावात, त्याच काउंटरच्या पलीकडच्या बाजूला जाण्याचा प्रसंग पहिल्यांदाच आला.

घांद्रुक हे गुरुंगांचं गाव, साधारण दोन हजार मीटर उंचीवर. सकाळी समोर अन्नपूर्णा साउथ आणि माछापुच्छ्रे. पहिल्या संध्याकाळी डोकं दुखलं, अंग मोडून आल्यासारखं झालं. लॉजमधल्या सगळ्यांचं एकच निदान: ‘लेक लाग्यो’, म्हणजे उंची लागली. डोंगरात कुणालाही काहीही झालं की तिथे हेच म्हणतात, आणि त्यात काळजीच असते. पण उंचीचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. घांद्रुक आपल्या कळसुबाईपेक्षा जेमतेम साडेतीनशे मीटरने उंच. आणि उंची लागल्यावर डोकं दुखतं, मळमळतं, झोप लागत नाही, भूक मरते. थर्मामीटर १०३ वर जात नाही. माझा गेला होता. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सॅकमध्ये होता. त्यात ऑक्सिजन ९५ आणि नाडी ८४. एवढ्या तापात नाडी धावायला हवी, ती चालत होती. ताप चढलेला आणि नाडी त्या मानाने संथ, हे पुस्तकात वाचलेलं चित्र होतं, आणि ते टायफॉइडकडे बोट दाखवतं. त्यावरून खात्री होत नाही, पण खाली उतरायला एवढं कारण पुरेसं होतं.

माझ्याबरोबर पोखऱ्याचा एक गाइड होता. त्याला मी दाइ, म्हणजे दादा, म्हणायची. तो म्हणाला, उद्या सकाळपर्यंत थांबू. मी म्हटलं, सकाळी पहिली जीप. ज्यांना डोंगरात फिरायचं आहे त्यांना मी कळकळीने सांगते: ताप उतरायची वाट बघायची असेल तर ती प्रयोगशाळा असलेल्या गावात बघा. लॉजमध्ये गरम पाणी, लसणाचं सूप, माया, सगळं मिळतं. रक्ततपासणी मिळत नाही.

रुग्णालयात केस पेपर काढतानाच खिडकीतल्या माणसाने विचारलं, ‘कुरुवा?’ रुग्णासोबत राहणाऱ्या माणसाला तिकडे कुरुवा म्हणतात. मी म्हटलं, कुणी नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

आपल्या सिव्हिलमध्ये काय किंवा गंगापूर रोडच्या मोठ्या रुग्णालयात काय, कुणी भरती झालं की पाठोपाठ घर येतं. एक जण अनामत भरतो. एक जण चिठ्ठी घेऊन मेडिकलवर धावतो, रक्ताची बाटली लॅबमध्ये पोचवतो. बहीण डबा आणते. रात्री वहिनी खाली चटई टाकते, सलाइन संपत आलं की नर्सला हाक मारते. आणि एखादी मावशी किंवा आई असते, जिला सगळं आठवत असतं: हिला अमुक गोळीने पुरळ उठतं, हिचं लहानपणी तमुक ऑपरेशन झालंय. आपली रुग्णालयं ही माणसं धरूनच चालतात. त्यांचा पगार कुणी देत नाही, म्हणून ती यंत्रणेचा भाग आहेत हे लक्षातही येत नाही. नेपाळची पद्धत हुबेहूब हीच. डॉक्टर चिठ्ठी लिहितात, खालच्या फार्मसीतून इंजेक्शन, सलाइन, सुई, सेट, सगळं विकत आणून नर्सच्या हातात द्यायचं. हाताला सलाइन लावलेला एकटा माणूस दोन जिने उतरून फार्मसीच्या रांगेत उभा कसा राहणार?

युरोपात किंवा जपानात चित्र वेगळं. तिथे औषध खाटेवर येतं, जेवण ताटात येतं, रात्री जवळ बसायला सहसा कुणाला थांबूही देत नाहीत. पण पहिली आणि शेवटची दोन कामं तिथेही कुणीतरी करावीच लागतात: पैशाची हमी देणं, आणि तुमच्या शरीराबद्दल खरं सांगणं. एकट्या प्रवाशाच्या आजारपणात खरी अडचण या रिकाम्या जागांची असते. उपचार बहुतेक ठिकाणी चांगले मिळतात. निघण्यापूर्वी या जागा कशा भरायच्या, एवढाच विचार करायचा असतो, आणि तो शांत डोक्याने घरी बसूनच होतो.

पहिल्या दिवशी माझी रिकामी जागा दाइने भरली. ट्रेक तिथेच संपला होता, त्याचं काम संपलं होतं, तरी तो रात्रीपर्यंत वर-खाली करत राहिला. दुसऱ्या दिवशी मी उतरले होते त्या गेस्ट हाउसची मालकीण आली. लेकसाइडला मागच्या गल्लीतलं साधं घर, खाली चहाचं दुकान. तिने फॉर्मवरच्या नात्याच्या रकान्यात स्वतःच ‘दिदी’ लिहिलं आणि सही केली. तिची कॉलेजात जाणारी मुलगी चिठ्ठ्या नेऊ लागली. मी तिला म्हटलं, प्रत्येक कुपी आधी मला दाखव. सवयच ती. ती कुपी डोळ्यांसमोर धरायची, मी नाव, मुदत, बॅच वाचायची, मान हलवायची, मग ती नर्सला द्यायची. दोन दिवसांत मुलगी स्वतःच मुदत वाचून दाखवू लागली. नर्सला त्याचा राग आला नाही, हे मी मुद्दाम नोंदवते.

ॲलर्जीचा प्रश्न आला तेव्हा मात्र कागदाने काम केलं. माझ्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक घडी घातलेला कागद असतो: रक्तगट, नेहमीची औषधं, आधीचे आजार, पेनिसिलिनची रिॲक्शन, घरचे दोन फोन नंबर. डॉक्टरांना सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक सुरू करायचं होतं. हे पेनिसिलिनच्या दूरच्या कुळातलं. पेनिसिलिनने कधी श्वास अडकला असेल, तोंड-घसा सुजला असेल, तर ते देताना डॉक्टर फार जपून राहतात; नुसतं पुरळ उठलं असेल तर सहसा देता येतं. माझ्या कागदावर ‘रिॲक्शन’ एवढंच होतं. ती मी लहान असतानाची गोष्ट, मला काय आठवणार? डॉक्टरांनी आईला फोन लावायला सांगितला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. आई नाशिकरोडहून हिंदीत बोलत होती, आवाज मला खाटेवर ऐकू येत होता. ‘नाही डॉक्टरसाहेब, श्वास बिलकुल नाही अडकला. पोटावर आणि पाठीवर लाल चट्टे. तिसरीत होती. दोन दिवसांत गेले.’ डॉक्टरांनी आणखी दोन प्रश्न विचारले, आईने उत्तरं दिली, आणि इंजेक्शन सुरू झालं. आता माझ्या कागदावर ते पूर्ण वाक्य आहे. प्रत्येकाने आपल्या कागदावर कुठल्या औषधाने नेमकं काय झालं होतं, ते लिहावं. नुसत्या ‘ॲलर्जी’ या शब्दामुळे कधीकधी चांगलं औषध हातचं जातं.

औषधांची नावं त्या कागदावर मूळ नावाने असायला हवीत. आमच्याकडे गिऱ्हाईक ‘ग्लायकोमेट द्या’, ‘थायरोनॉर्म द्या’ म्हणतं. ही कंपन्यांची नावं. आत असतं मेटफॉर्मिन आणि लिव्होथायरॉक्सिन. हनोईच्या किंवा लिस्बनच्या डॉक्टरला ग्लायकोमेट कळणार नाही, मेटफॉर्मिन जगात कुठेही कळेल. नेपाळमध्ये पॅरासिटामॉलला सगळे ‘सिटामोल’ म्हणतात आणि ओआरएसची पुडी ‘जीवन जल’ म्हणून मिळते. आत तेच असतं, पण ते ओळखायला मूळ नाव माहीत हवं. अमेरिकेत तर पॅरासिटामॉल हे नावच चालत नाही, तिथे ॲसिटामिनोफेन. काही देशांत आपली साधी औषधंही अडवतात. सर्दीच्या गोळ्यांतलं स्युडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या औषधातलं कोडीन जपानमध्ये ठरावीक प्रमाणाबाहेर नेता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीत ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकाला आधी परवानगी लागते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषध मूळ वेष्टनात, एवढं तरी जवळ ठेवावं. गोळ्या कापून प्लॅस्टिकच्या डबीत भरून नेणारे रोज दुकानात भेटतात, त्यांना मी प्रत्येक वेळी थांबवते.

आता आजाराबद्दल. भरती होताच माझं रक्त कल्चरसाठी घेतलं, आणि ते प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलं. हे फार महत्त्वाचं. आपल्याकडे टायफॉइड म्हटलं की विडाल. ही तपासणी १८९६ पासूनची. आपल्यासारख्या देशांत, जिथे हा जंतू सगळीकडे आहे, तिथे ती पुष्कळदा चुकीचा कौल देते. कल्चरमध्ये जंतू प्रत्यक्ष वाढवून बघतात, त्याला कुठलं औषध लागू पडतं तेही कळतं. पण आधीच दोन-तीन प्रतिजैविकाच्या गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू वाढत नाही आणि निदान हुकतं. पाठीवर सॅक घेऊन फिरणारे सगळे जण जवळ ॲझिथ्रोमायसिन ठेवतात. ठेवावं, पण जवळपास दवाखाना असेल तर आधी रक्त द्यावं. डेंग्यूची तपासणीही त्याच वेळी झाली. नेपाळमध्ये डेंग्यू २००४ मध्ये पहिल्यांदा नोंदला गेला आणि २०२२ मध्ये तिथे मोठी साथ आली. तापात अंग दुखतं म्हणून आयब्युप्रोफेन असलेली गोळी घेणं आपल्याकडे सर्रास चालतं. डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, हे मी काउंटरवर इतक्या वेळा म्हणते की भाऊ माझी नक्कल करतो.

कल्चरचा निकाल आला: साल्मोनेला पॅराटायफी ए. पॅराटायफॉइड. घरी सगळ्यांना आश्चर्य, कारण मी टायफॉइडची लस घेतलेली होती. ही लस साल्मोनेला टायफी या टायफॉइडच्या जंतूपासून वाचवते. पॅराटायफी ए हा त्याचा भाऊबंद आहे, त्याच्यावर बाजारातली लस चालत नाही. तरीही लस घ्यावीच. टायफॉइडची नवी संयुग्मित लस आपल्याच देशात, हैदराबादला बनते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या अखेरीस तिला मान्यता दिली. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने मुलांसाठी तिची सार्वजनिक मोहीम घेतली. काठमांडूला लागून असलेल्या ललितपूरमध्ये सुमारे २०,००० मुलांवर तिची चाचणी झाली, आणि पहिल्याच निकालांत टायफॉइडपासून ८० टक्क्यांहून जास्त संरक्षण दिसलं. नेपाळने २०२२ मध्ये ती बालकांच्या राष्ट्रीय लसीकरणात घेतली. उरलेल्या धोक्यासाठी पाणी आणि हात. मला जंतू कुठे मिळाला, हे सांगता येणार नाही. पोटात गेल्यापासून ताप यायला आठवडा-दोन आठवडे सहज लागतात. म्हणजे तो पोखऱ्याचा असेल, गोरखपूर स्टेशनवरचा असेल किंवा नाशिकचाही.

योग्य औषध सुरू झाल्यावरही हा ताप लगेच उतरत नाही, चार-सहा दिवस घेतो. हे आधी माहीत नसेल तर रुग्ण आणि घरचे दोघेही घाबरतात, औषध बदला म्हणतात, रुग्णालय बदला म्हणतात. एकट्या माणसाला त्या दिवसांत सगळ्यात जास्त काय लागत असेल, तर चार्ज असलेला फोन. विमा कंपनीचा क्रमांक, आईचा आवाज, पैसे, नकाशा, सगळं त्यात. माझ्या खाटेशेजारचा प्लग चालू होता, हे मी नशीब समजते.

पैशाचं सांगायला हवं. फॉरेक्स कार्ड नेपाळ आणि भूतानमध्ये चालत नाही, हे निघण्याआधी बहुतेकांना माहीत नसतं. बँकेचं साधं डेबिट कार्ड चालतं. अनेक दुकानांत २०२४ पासून भारतीय यूपीआयही चालतं, पण रुग्णालयाच्या खिडकीवर ते चालेलच असं धरून जाऊ नये. विम्याची कॅशलेस सोय मोठ्या शहरांतल्या ठरावीक रुग्णालयांत असते. पोखऱ्यासारख्या ठिकाणी बहुधा आधी आपण भरायचं आणि मग कंपनीकडे मागायचं. त्यासाठी भरती झाल्याबरोबर पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करून प्रकरणाचा क्रमांक घ्यायचा. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक तपासणीचा अहवाल, डॉक्टरांची प्रत्येक चिठ्ठी जपायची. इथे नेपाळची एक खास गोम आहे. रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्या भारतीयांच्या पासपोर्टवर शिक्का बसत नाही. मग तुम्ही अमुक तारखेला देशाबाहेर गेलात, हे विमा कंपनीला कसं दाखवणार? मी नाशिकरोड-गोरखपूरचं तिकीट, भैरहवा-पोखरा बसचं तिकीट आणि गेस्ट हाउसची पावती जोडली. बसचं तिकीट म्हणजे पातळ गुलाबी कागद, त्यावर पेनने लिहिलेली तारीख. तो कागद लागला.

याच विम्यात आणखी दोन खड्डे आहेत. पहिला उंचीचा. अनेक पॉलिसी ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक किंवा ‘साहसी खेळ’ वगळतात. एव्हरेस्ट बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० वर. आपला साल्हेर आणि कळसुबाई रोज चढणारी मुलं तिथे जातात आणि दम चांगला असल्याने भराभर वर जातात. उंचीचा त्रास दमावर अवलंबून नसतो. ३,००० मीटरच्या वर रोजची झोपायची जागा साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, अधूनमधून विश्रांतीचा दिवस घ्यावा. बोलणं अडखळलं, चाल झोकांडली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली उतरावं. लागलंच तर हेलिकॉप्टर, पण विमा कंपनीला आधी विचारून. २०१८ मध्ये नेपाळ सरकारच्या चौकशीत गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे उकळण्याचे प्रकार उघड झाले. तेव्हापासून कंपन्या आधीच्या परवानगीवर ठाम असतात.

दुसरा खड्डा दुचाकीचा. गोव्यात स्कूटर घेतो तशी थायलंड, व्हिएतनाम, बालीमध्ये घेतली जाते. तिथे लागू होणारा परवाना नसेल तर अपघाताचा खर्च विमा नाकारतो. नाशिक आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभरासाठी मिळतो, पण तो १९४९ च्या करारानुसार असतो आणि व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं. जिथे जायचं तिथलं आधी तपासावं.

हे सगळं हाताबाहेर गेलं तर भारतीय दूतावास. काठमांडूत तो लैनचौरला आहे. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी नावाची सोय आहे. खरोखर अडलेल्या माणसाला तातडीच्या उपचारासाठी त्यातून मदत करता येते. पण तो विम्याला पर्याय नाही, ऐपत बघूनच देतात. दूतावासाचा खरा उपयोग घरच्यांशी संपर्क, चांगल्या रुग्णालयाची माहिती आणि हरवलेल्या कागदांसाठी होतो.

खाटेवर पडल्या पडल्या मला आनंदीबाई जोशींची वारंवार आठवण झाली. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, सोबत आपलं माणूस कुणी नाही. फिलाडेल्फियाची थंडी, न मानवणारं अन्न, आणि अंगात शिरलेला क्षय. त्यांना सांभाळलं ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी. नात्याच्या नाहीत, देशाच्या नाहीत, धर्माच्या नाहीत. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या, वर्षाच्या अखेरीस परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. त्यांची रक्षा पुढे कार्पेंटरबाईंकडे गेली आणि त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यात पुकीप्सीला ठेवली गेली. पोखऱ्याच्या दिदीने नात्याचा रकाना भरला तेव्हा मला त्या बाई कोण होत्या हे नीट कळलं.

म्हणून कुठेही गेले की पहिल्या दिवशी मी गेस्ट हाउसच्या माणसांशी बसून बोलते, नाव सांगते, घरचा नंबर देते. ॲपवर खोली घेऊन चावी दारातल्या पेटीतून काढायची सोय आता पुष्कळ ठिकाणी झाली आहे. तिथे तुम्ही दोन दिवस बाहेर आला नाहीत तरी कुणाला कळत नाही. माणूस राहतो ते घर मी निवडते, थोडं महाग पडलं तरी.

आणि परत आल्यावर कुठलाही ताप आला, तर डॉक्टरांना आपण कुठे जाऊन आलो ते सांगावं. पॅराटायफॉइड बरा झाल्यावरही काही जणांच्या विष्ठेतून जंतू जात राहतो. मी महिन्याभराने तपासणी करून घेतली, कारण घरात लहान भाचा आहे आणि स्वयंपाक मी करते.

‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न आमच्या दुकानात आता उलट बाजूने येतो. इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेसाठी जगभरातून माणसं येतात, १९७६ पासून. शिबिर संपलं की त्यातली काही नाशिकरोडवरून पुढची गाडी पकडतात. फोनवर औषधाचं नाव दाखवतात, मी मूळ नाव शोधून देते. कधी कुणाला ताप असतो, डोळे लाल असतात, आणि भरती व्हायची वेळ आली तर खिडकीवरचा माणूस त्यांना तेच विचारतो जे मला पोखऱ्यात विचारलं. २०२७ च्या सिंहस्थात अशी एकटी माणसं हजारोंनी इथे असतील. परदेशातलीच असं नाही, मध्य प्रदेशातली, बंगालमधली, घरच्यांपासून गर्दीत सुटलेली म्हातारी. केस पेपरवर ‘एकटे आहेत’ असं लिहायला एक रकाना, खाटेशेजारी चालू प्लग, आणि मेडिकलची चिठ्ठी नेणारा एक माणूस, एवढं प्रत्येक रुग्णालयाने आत्तापासून ठरवावं, असं मी आमच्या भागातल्या औषध विक्रेत्यांच्या बैठकीत मांडलं. चिठ्ठीचं काम स्टेशनच्या आसपासचे आम्ही काही दुकानदार करायला तयार आहोत. रुग्णालयाने चिठ्ठीचा फोटो पाठवायचा. औषध खाटेवर आणून देऊ, बिलाचं नंतर बघू.